कस्तुरचंद पार्कवर जहाजाचा जीपीएस: नागपुरातला एक दिवस

भाची पुढच्या महिन्यात डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून जहाजावर चढणार आहे. मी सोळा वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीच सेकंड मेट म्हणून. चार्ट, म्हणजे सागरी नकाशे, आणि जहाजाची पोझिशन हे सेकंड मेटचं खातं. सुट्टीत घरी आलो तेव्हा ती म्हणाली, "मामा, जीपीएस तर मोबाईलमध्येपण असते. त्यात शिकायचं काय आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिला गाडीवर मागे बसवून कस्तुरचंद पार्क गाठलं. सोबत हातात मावणारा मरीन जीपीएस, सुतळीची गुंडी, होकायंत्र आणि वही.

समुद्र शिकायला नागपूर कशाला, असं कोणी विचारेल. एक तर पार्काचं मोकळं मैदान आहे, मधोमध खांबांचा मंडप, त्याला छत्री म्हणतात, आणि सकाळी माणसं कमी. दुसरं म्हणजे चालत जाण्याइतक्या अंतरावर झिरो माईल हा मोजणीचा जुना खांब आहे. तिथल्या खांबावरची उंची आपल्या यंत्राशी ताडून पाहता येते. मेट्रोने येणाऱ्यांनी ऑरेंज लाईनच्या कस्तुरचंद पार्क स्टेशनवर उतरावं, आधी मैदान करावं आणि मग झिरो माईलकडे जावं. उलटं केलं तर ऊन चढतं आणि मैदानात क्रिकेट सुरू होतं.

यंत्र बरेच महिने बंद असेल तर सुरू केल्याबरोबर दिसलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक, ज्याला अल्मनॅक म्हणतात, ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र छत्रीपासून लांब, उघड्या आकाशाखाली ठेवलं, ती तिथेच थांबली, आणि मी दोन प्लेट तर्री-पोहे घेऊन आलो. खाऊन होईस्तोवर पडद्यावर अकरा उपग्रह आले होते.

मग सुतळी काढली. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजले की वीज किती लांब पडली ते कळतं, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. जीपीएसचं तसंच आहे. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले" एवढंच सांगत राहतो. तो निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा ते बारावा भाग लागतो. उशीर मोजला की अंतर निघतं. पण प्रकाशाच्या वेगाला एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. उपग्रहावर अणुघड्याळ असतं, आपल्या हातातल्या यंत्रात साधं स्वस्त घड्याळ. अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन गोष्टींना तीन उपग्रह पुरले असते. चौथा लागतो तो आपल्या घड्याळाची चूक काढायला. ही घड्याळं सापेक्षतावादाप्रमाणे रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त फरक पडेल.

छत्रीच्या दोन खांबांना सुतळीची दोन टोकं बांधली आणि भाचीला दोन्ही सुतळ्या ताणून जिथे मिळतात तिथे उभं केलं. प्रत्येक सुतळीत वीतभर कमी-जास्त धरलं. सुतळ्या काटकोनात मिळाल्या तेव्हा तिला इकडेतिकडे सरकायला वीतभरच जागा होती. मग तिला पार मैदानाच्या कडेपर्यंत मागे नेलं. तिथून दोन्ही सुतळ्या जवळजवळ एकाच दिशेने येत होत्या, आणि तेवढीच वीतभर चूक धरून ती आडवी चार-पाच पावलं सरकू शकली. "म्हणजे मोजमाप तेवढंच चुकलं, पण जागा जास्त चुकली," ती म्हणाली. पडद्यावरचा एचडीओपी, म्हणजे उपग्रहांच्या मांडणीमुळे आडवी चूक किती पट होते तो आकडा, हेच सांगतो. एकच्या आसपास असला तर उपग्रह चांगले पसरलेले आहेत. चार-पाचच्या वर गेला तर यंत्र कितीही महागाचं असो, थांबा आणि पुन्हा पाहा. उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त का असते, तेही तिने यावरूनच काढलं: सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही.

यंत्र हलवू नका, दर पाच मिनिटांनी आकडे वहीत लिहा. आम्ही तासभर लिहिलं. मैदानात बहुतेक सगळे आकडे चार-पाच मीटरच्या आत राहिले. तेच यंत्र मेट्रोच्या पुलाखाली धरलं तर जागच्या जागी पंधरा-वीस मीटर उड्या मारायला लागलं, कारण काँक्रीटवर आपटून आलेला सिग्नल लांबच्या वाटेने येतो. "मामा, हे तर थांबूनच नाही राहिलं!" जहाजावर हाच त्रास क्रेन आणि फनेलजवळच्या (धुराड्याजवळच्या) अँटेनाला होतो.

पोझिशनच्या लिखाणाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. चार्टवर आपण अंश, मिनिटं आणि मिनिटाचे दशांश वापरतो, मोबाईल कित्येकदा सेकंद दाखवतो. २१ अंश ८.५० मिनिटं आणि २१ अंश ८ मिनिटं ५० सेकंद यांत ६०० मीटरहून जास्त फरक आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. रेखांशाचं मिनिट नागपुरात त्याहून लहान, १,७३० मीटरच्या आसपास. पहिल्याच दिवशी यंत्राची सेटिंग चार्टसारखी करून घ्या.

झिरो माईलला आठ वाजता पोचलो. खांबावर कोरलेली उंची १,०२०.१७१ फूट, म्हणजे ३१०.९५ मीटर. आमचं यंत्र कधी ३०५ दाखवे, कधी ३१८. यंत्र लॅपटॉपला जोडून कच्चा डेटा पाहिला तेव्हा भाची दचकली. उपग्रहांवरून निघालेली मूळ उंची खांबाच्या आकड्यापेक्षा ६० मीटरच्या आसपास कमी होती. ती यंत्राची चूक नाही. जीपीएस एका गणिती लंबगोलापासून उंची मोजतो, खांबावरची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून आहे. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती १०० मीटरहून जास्त खाली जाते. यंत्र आपल्या आतल्या तक्त्यावरून ही भर घालून आकडा दाखवतं.

आडव्या दिशेतही असंच होतं. घरी एक जुनी टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा नकाशा होता, एव्हरेस्ट नावाच्या जुन्या लंबगोलावर काढलेला. सकाळचा आकडा त्याच्यावर मांडला तर ठिपका ३ मिलिमीटर बाजूला पडला. १:५०,००० च्या नकाशावर ते १५० मीटर. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या लंबगोलावर चालतो. म्हणून चार्ट उघडला की आधी त्याचा डेटम, म्हणजे तो कोणत्या लंबगोलावर बसवलाय, ते वाचायचं. मी हे वाचलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका जुन्या कागदी चार्टवर "उपग्रहावरून काढलेली पोझिशन इतकी सरकवून मांडा" अशी टीप कोपऱ्यात छापलेली होती, ती माझ्या नजरेतून निसटली. कॅप्टनने रडारवर दीपस्तंभाचं अंतर आणि बेअरिंग (आपल्याकडून त्याची दिशा) घेतलं, त्यावरून निघालेली जागा माझ्या ठिपक्यापासून दोन केबल लांब आली; एक केबल म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग. त्या रात्री खडकाला लागलो नाही, कारण दुसऱ्या मार्गाने तपासणारा माणूस ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत होता.

भाचीला मला हेच पटवायचं होतं. १९९५ च्या जूनमध्ये रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली होती आणि यंत्र वेग व दिशेवरून नुसता अंदाज बांधत होतं. तसं पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. सुमारे ३४ तास कोणाच्या लक्षात आलं नाही, जहाज १७ मैल भरकटलं. आज तर सिग्नल दाबण्याचे आणि खोटे सिग्नल पाठवण्याचे प्रकार वाढलेत. २०१७ साली काळ्या समुद्रातल्या वीसहून जास्त जहाजांना आपण विमानतळावर आहोत असं दिसलं होतं.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपेक्षा अशी: पोझिशनमधली चूक खुल्या समुद्रात १०० मीटर आणि बंदराच्या तोंडाशी १० मीटरच्या आत, तेही ९५ टक्के वेळा. उरलेल्या पाच टक्क्यांत तुमची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी असू शकते. आणि पडद्यावरची पोझिशन अँटेनाची असते. ब्रिज मागे असलेल्या मोठ्या जहाजाचं नाक अँटेनाच्या २०० मीटरहून पुढे असू शकतं.

चूक कमी करणाऱ्या सोयी आहेत. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हा शंभरेक मीटरची अचूकता दहा-पंधरावर आली. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन यंत्रणा आहे, आणि तिच्या १५ संदर्भ केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. केंद्राची खरी जागा नेमकी माहीत असते, त्यामुळे उपग्रहांचा हिशेब किती चुकतो ते तिथे कळतं आणि दुरुस्ती वरून प्रसारित होते. तुमच्या यंत्रात एसबीएएस, म्हणजे अशी दुरुस्ती घेण्याची सोय, चालू करून फरक वहीत लिहा. दुपारी दोन-तीनला पुन्हा एकदा लिहा. तेव्हा वरच्या वातावरणातले विद्युतभारित थर सर्वांत दाट असतात, आणि आपल्या अक्षांशांना त्याचा त्रास जास्त. आमची दुपारची वही सकाळपेक्षा स्पष्टपणे पसरट निघाली.

संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलो, कारण पश्चिमेला पाण्यावर आकाश मोकळं मिळतं. यंत्र हातात धरून ती स्वस्थ उभी राहिली तर दिशेचा बाण गरगर फिरत राहिला. चालायला लागल्यावर स्थिर झाला. जीपीएसला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही, तुम्ही कुठे सरकताय एवढंच कळतं. नांगर टाकलेल्या जहाजावर हे विसरू नका, तिथे होकायंत्रच पाहा. मग तिला पाण्यापलीकडच्या तीन खुणांचं बेअरिंग होकायंत्राने घ्यायला लावलं. कागदावर रेघा ओढल्या तर छोटा त्रिकोण झाला आणि जीपीएसचा ठिपका त्याच्या कडेला आला. वहीत तिने लिहिलं: १७४०, बेअरिंग तीन, जीपीएस, एचडीओपी १.१, फरक ३० मीटर.

फुटाळ्याला रविवारी जाऊ नका. संध्याकाळी चौपाटीवर इतकी गर्दी होते की बेअरिंग घ्यायला कठड्याजवळ दोन मिनिटं शांत उभं राहायलाही जागा मिळत नाही.