चोखोबांच्या समाधीपाशी

पंढरपूरला या खेपेला दर्शनाच्या रांगेत लगेच उभी राहिले नाही. आधी महाद्वारात थांबले. गर्दी बेताची होती.

नामदेव पायरीवर कुणी पाय देत नाही. लोक वाकतात, पायरीला हात लावतात, तोच हात कपाळाला नेतात. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, असं वारकरी सांगतात. समोरच चोखामेळ्यांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, त्यात १३३८ साली चोखोबा गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख पटवून नामदेवांनी अस्थी इथे आणल्या, ही परंपरेतली कथा. मला ती फार जवळची वाटते. मित्राने मित्राला देवाच्या दारापर्यंत तरी आणलं.

पण दारापर्यंतच. जिवंतपणी जिथे अडवलं, समाधीही तिथेच. आत जायला दलितांना १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी १ मे ते १० मे उपोषण केल्यावर. मधे सहाशे वर्षं गेली! समाधीपासून दारापर्यंत मी मुद्दाम चालून पाहिलं. चार पावलं. मुक्ती मेल्यानंतर मिळते, असं लहानपणापासून ऐकलंय. तिथे उभं राहिल्यावर मात्र ती या चार पावलांतच आहे असं वाटलं.

समाधीपुढे नऊवारीतल्या एक आजी बुक्का लावत होत्या. माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि मी काही म्हणायच्या आत माझ्याच पायाला हात लावला. “अहो आजी, हे काय!” “माउली, पाया पडले तर काय झालं? आता तुम्ही पडा.” पडले. त्यांच्या टाचांना भेगा होत्या, भेगांत वाळवंटातली ओली वाळू. नाव, गाव, जात, काही विचारलं नाही. नुसत्या हसल्या, आणि मलाही इतकं हसू आलं की डोळे भरून आले. वारकऱ्यांचा आनंद असा अंगाला भिडतो.

मग रांगेत गेले. देवळाच्या आवारात कान्होपात्रेचं झाड आहे. गणिकेची ही लेक, तीही मंगळवेढ्याचीच. तिथेही हात जोडले. मंगळवेढा इथून पंचवीसेक किलोमीटर. उद्या सकाळच्या एसटीने तिकडे निघतेय.