कुसवाच्या खांद्यासाठी नवा रंधा

कुसवाचे (सांध्याच्या खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेचे) खांदे, म्हणजे तिच्या बुडाशी असलेल्या पायऱ्या, साफ करण्यासाठी मागवलेला अरुंद लोखंडी रंधा आज हाती आला आणि सोलापुरातील आमच्या छोट्या कार्यशाळेत त्याची जुळणी करण्यात सारी दुपार आनंदात गेली. या रंध्याचे पाते अंगापेक्षा केसभर रुंद असते, कारण ते दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर आले तरच लाकूड थेट कोपऱ्यापर्यंत कापले जाते. आधी पात्याची पाठ सहाणेवर सपाट केली, मग धार लावली. काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर रंध्याचा तळ घासताना पाते आत ओढून, पण नेहमीइतकेच आवळून ठेवले. त्या ताणाने रंध्याचे अंग सूक्ष्म वाकते, म्हणून ही काळजी मला अत्यावश्यक वाटते. सागवानावर काम अप्रतिम झाले. चौकटीचे उरलेले सांधे आता याच रंध्याने बसवणार आहे.