माल सुस्थितीत मिळाला

३१ मार्च २०१८. शनिवार, त्यात हनुमान जयंती. गुरुवारी महावीर जयंती, शुक्रवारी गुड फ्रायडे. चाकरमानी सलग सुट्ट्या साधून गावाला आले होते आणि आम्ही सरकारी बिलांच्या मागे धावत होतो. मार्च एंड म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मी तेव्हा सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळच्या एका सरकारी रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी होते. औषधभांडार माझ्या ताब्यात. तीन रॅक, दोन कपाटं, एक फ्रीज आणि पावसाळ्यात ज्यांची पानं एकमेकांना चिकटतात अशा साठा नोंदवह्या.

दहाच्या सुमारास मोठे बाबू बिल घेऊन आले. सर्पदंशावरचं प्रतिविष, ४८० कुप्या, २ लाख ९४ हजार रुपये. (तेव्हा तीन लाखांच्या वर गेलं की ई-निविदा काढावी लागे. त्यामुळे आमच्या बऱ्याच गरजा दोन लाख नव्वदच्या आसपास येऊन थांबत.) बिलाच्या पाठीवर नेहमीचा शिक्का मारलेला होता: ‘वरील माल सुस्थितीत मिळाला. साठा नोंदवही पान क्र. __ वर नोंद घेतली.’ खाली माझ्या सहीची जागा.

“माल कुठाय?” मी विचारलं.

“घाटात आहे. कोल्हापुरातून सकाळी सुटलाय. फोंडा उतरला की आलाच.”

“मग आल्यावर करते सही.”

बाबूंनी घड्याळाकडे बघितलं. बिल उपकोषागारात जायचं होतं, आणि रात्री बीडीएसवरचा, म्हणजे सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवरचा, उरलेला निधी आपोआप परत जाणार होता.

खरेदी गरजेची होती, यात वाद नव्हता. २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे एकवटली. घडी बसेपर्यंत आमच्यासारख्या ठिकाणी कपाटं रिकामी पडत चालली होती. स्थानिक खरेदीला मुभा होती, तीही थोडकी. आणि इकडे फुरसं काही शासन निर्णयाची वाट बघत नाही. गडग्याच्या चिऱ्यात, कातळावरच्या दगडाखाली, आंब्याच्या बागेत पाचोळ्यात, कुठेही. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. आमच्याकडे काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नाही गोठलं तर प्रतिविष सुरू, आणि सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या. म्हणजे ४८० हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही.

मागणीत मी मुद्दाम ‘भुकटी स्वरूपातील’ असं लिहिलं होतं. द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आमच्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्यात पोफळ तारेवर पडते आणि दोन-दोन दिवस लाईट नसते. भुकटीला फ्रीज लागत नाही.

आता खरं सांगते. आदल्या वर्षी, ३१ मार्च २०१७ ला, मी हीच सही केली होती. माल न बघता. तेव्हा ६० कुप्यांचंच बिल होतं. ‘सगळीकडे असंच चालतं, आठवड्यात माल येईल’ म्हणाले, आणि मी नोंदवहीचं पान भरलं, ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत, ६० चढवल्या. जूनमधल्या एका रात्री शेजारच्या तालुक्यातल्या फार्मासिस्टचा फोन आला. “ताई, तुमच्याकडे ६४ दिसतायत. २० द्या ना, माणूस पाठवतो.” माझ्या कपाटात ४ होत्या. जिल्हा भांडाराकडे मी दोनदा मागणी केली होती आणि दोन्ही वेळा उत्तर आलं होतं की तुमच्याकडे पुरेसा साठा शिल्लक दिसतो. दिसत होता खरा, तो मीच दाखवला होता. रुग्णाला त्या रात्री गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. तो वाचला, म्हणून कुणी काही विचारलं नाही. ६० कुप्या जुलैत आल्या.

तोवर मला वाटायचं की खोटी नोंद म्हणजे फार तर पैशाची भानगड. त्या रात्री समजलं की कपाटात नसलेली कुपी कागदावर आली, की येऊ शकणारी कुपीही ती अडवून धरते.

अकराला पुरवठादाराचा माणूस आला. गाडी मागे, हा पुढे. हातात हापूसची पेटी. “मॅडम, गाडी घाटात हाय, टायर फुटलाय. तुम्ही निस्ती सही करा की. बॅच नंबर व्हॉट्सॲपवर टाकतो, एक्स्पायरीपण टाकतो.” टाकलासुद्धा. पेटी त्याने टेबलाखाली सरकवली. आमच्या शिपाईमामांनी वाकून तिच्यावरचं नाव वाचलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “आमच्याच बाजारातसून इकत घेतल्यान आणि आमकाच भेट! कोल्हापूरचो गूळ तरी हाडूचो होतो.” मार्चअखेरची पेटी म्हणजे किंमत काय असते ते किनाऱ्यावरच्याला सांगायला नको.

गाडीची वाट बघत दुपारी मी खरेदीची नस्ती, म्हणजे फाईल, काढून बसले. तीन दरपत्रकं, तीन वेगळ्या फर्मची, तीन वेगळी लेटरहेडं. दर वरखाली, सह्या वेगळ्या. आणि तिन्ही कागदांच्या उजव्या कडेला, वरून खालपर्यंत, एक बारीक काळी रेघ. प्रिंटरचा ड्रम खरवडला की उमटते तशी. मी तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. रेघ एकच झाली. तेव्हा चार वाजत आले होते.

साडेचारला साहेबांनी बोलावलं. आमचे अधीक्षक वाईट माणूस नव्हते, हे लिहायलाच हवं. रात्री दोनला बाळंतिणीसाठी स्वतः धावत येणारा डॉक्टर. त्यांना यात एक पैसा नको होता, औषध हवं होतं. म्हणाले, “पैसे परत गेले तर पावसात पेशंटला काय टोचणार? तुमची नियमपुस्तिका?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मुंबई वित्तीय नियम, १९५९ मध्ये म्हटलंय की शहाणा माणूस स्वतःच्या पैशाला जितका जपतो तितकंच सरकारी पैशाला जपावं. पण हे साहेबांना ऐकवणं म्हणजे शाळेतला सुविचाराचा फळा वाचल्यासारखं झालं असतं. मला आपली आई आठवली. ती बांगड्याचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय कोळणीच्या हातावर नोट ठेवत नाही, मग कोळीण कितीही ओळखीची असो.

मी म्हटलं, “सर, गेल्या वर्षीच्या ६० कुप्या. या वेळी ४८० आहेत. त्या चढवल्या तर वर्षभर आपल्याला कुणी एक कुपी देणार नाही.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिहून द्या.”

मी टिपणी लिहिली. चार ओळींची. माल प्रत्यक्ष प्राप्त न झाल्याने साठ्यात नोंद घेता येत नाही, प्राप्त झाल्यावर तपासणी करून नोंद घेण्यात येईल. तिच्यात त्या काळ्या रेघेचा उल्लेख नव्हता. सहीला नकार देण्यापुरतीच हिंमत मी त्या दिवशी गोळा केली होती. दरपत्रकं बाबूंनी मागवली होती, बाबूंची निवृत्ती सात महिन्यांवर होती, आणि माझं टेबल त्यांच्या समोरचं.

पेटी परत न्यायला तो माणूस तयार होईना. शेवटी मामांनी ती एस.टी. स्टँडवर नेऊन कोल्हापूरच्या पार्सलात टाकली, फर्मच्या पत्त्यावर. भाडं मी दिलं. पावती नस्तीला टाचून ठेवली. तिचं काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून.

गाडी त्या रात्री आली नाही. बारा वाजले आणि पैसे गेले.

गाडी आली मंगळवारी, ३ एप्रिलला. मी आणि मामांनी खोकी फोडली. प्रत्येक खोक्यावर छापलेलं होतं, २ ते ८ अंश. द्रवरूप. बॅच नंबरही व्हॉट्सॲपवरचा नव्हता. तो माणूस म्हणाला, “औषध तेच हाय की मॅडम, निस्तं पाण्यात हाय.” मालाची गाडी परत गेली.

यावर कुणी माझी पाठ थोपटली असेल असं वाटत असेल, तर नाही. मे महिन्यात मला कारणे दाखवा नोटीस आली, निधी व्यपगत झाल्याबद्दल, म्हणजे न वापरता परत गेल्याबद्दल. मी टिपणीची प्रत जोडून उत्तर दिलं. पावसाळा आम्ही उसनवारीवर काढला. या वेळी ई-औषधीवर ४ असतील तर कपाटातही ४च होत्या, त्यामुळे जिल्हा भांडाराला नाही म्हणता येईना. तरी दोनदा असं झालं की कुप्या घेऊन गाडी येईपर्यंत आम्ही त्या काचेच्या नळीकडे बघत बसलो. दोन्ही वेळा गाडी वेळेत पोचली. साहेब त्या काळात माझ्याशी कामापुरतंच बोलत.

लेखापरीक्षण पथक पुढच्या वर्षी आलं. त्यातले एक चष्मेवाले गृहस्थ, आवाज हळू, नस्ती उलटसुलट करून वाचणारे. न झालेल्या खरेदीच्या नस्तीत कोण डोकं घालतं, पण त्यांनी घातलं. पावतीपाशी थांबले.

“ही एस.टी. पार्सलची पावती कशाची?”

“आंब्यांची.”

“भाडं कुठल्या लेखाशीर्षातून?”

“माझ्या खिशातून.”

ते हसले. पान उलटलं. मग आणखी दोन पानं. तिन्ही दरपत्रकं त्यांनी टाचणीतून सोडवली, एकावर एक ठेवली आणि खिडकीकडे वळून उजेडात धरली. समोर बाबूंच्या जागी आता नवीन मुलगा बसत होता, तोही मान वर करून बघायला लागला.

“ही रेघ तुम्ही पाहिली होती?”

“हो.”

“केव्हा?”

“एकतीस मार्चला. चार वाजता.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझी टिपणी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.