गढूळ बिअर निवळताना

आज दादरच्या घरी, तीन आठवड्यांपूर्वी लावलेली बिअर बाटल्यांत भरली. मुंबईच्या उकाड्यात यीस्ट आपले काम लवकर उरकते. मात्र ते तळाशी बसायला थंडावा लागतो, म्हणून पात्र तीन दिवस फ्रिजमध्ये 2 अंश सेल्सिअसला ठेवले होते.

यीस्टची पेशी साधारण 5 ते 10 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे ती मलमलीच्या फडक्यातून सहज निसटते. हे ठाऊक नसताना मागच्या खेपेला मी फडक्यातून बिअर गाळली, गढूळपणा तसाच राहिला आणि ओतताना हवा मिसळल्याने तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली, याचे मला फार वाईट वाटले होते. या वेळी गाळलेच नाही. यीस्टला तळाशी बसवणारे जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून घातले (ते प्राण्यांपासून बनते, म्हणून शाकाहारी मित्रांना तसे आधीच कळवले आहे) आणि वरची निवळलेली बिअर, तळ जराही न ढवळता, नळीने अलगद उतरवून घेतली. 1 मायक्रॉनच्या फिल्टरने ती आणखी नितळ झाली असती, परंतु बाटलीत फेस तयार होण्यासाठी थोडे जिवंत यीस्ट मागे राहायलाच हवे.

खिडकीपाशी पेला धरला, तेव्हा त्यातून गज स्पष्ट दिसले. मला अतिशय आनंद झाला. आता प्रत्येक बाटलीत मोजून साखर घातली आहे. दोन आठवडे थांबायचे.