पावणेसातची चाल

मी स्वतःला कायम निशाचर समजत आले. म्हणजे चाल सुचायची तर रात्रीच, घर झोपल्यावर, हेडफोन लावून, खोलीतला एकच दिवा चालू ठेवून वगैरे. दिवसभर नोकरी, मग घर, मग मुलीचा अभ्यास, त्यामुळे रात्रीशिवाय दुसरी वेळ होतीच कुठे हा भाग वेगळा, पण नाइलाजाला स्वभाव म्हटलं की जरा बरं वाटतं.

मग मागच्या महिन्यात फोनची मेमरी भरली. बघते तर व्हॉइस रेकॉर्डिंगच्या २१२ फाइली, सगळ्या ‘नवीन रेकॉर्डिंग १४’, ‘नवीन रेकॉर्डिंग १५’ अशा नावांच्या, कारण सुचलेलं निसटेल या धास्तीत नाव कोण देत बसतंय. डिलीट करायला बसले आणि ऐकता ऐकता जे ठेवावंसं वाटलं त्याची वेळ सहज एका कागदावर टिपत गेले. ठेवण्यासारख्या निघाल्या १९. त्यातल्या ११ संध्याकाळी ६:४० ते ७:१० च्या मधल्या. आणि रात्री बारानंतरच्या? दोन. त्यातल्या एकीत मी नुसतं टेबल बडवलंय.

मला हे पटेचना. कारण पावणेसातला मी संगीत वगैरे काही करतच नाही. पावणेसातला मी गाडीत बसलेली असते, मुलीचा क्लास सुटायची वाट बघत.

तर आता रात्रीबद्दल बोलायलाच हवं, कारण तिने मला एवढी वर्षं गंडवलंय. एक म्हणजे रात्री शांत असतं हेच खोटं. दिवसा गोंगाटात जे ऐकू येत नाही ते सगळं रात्री बाहेर येतं. जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली की आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून परत खाली येतो, म्हणून कुठल्या कुठे असलेली रेल्वे रात्री उशाशी आल्यासारखी वाटते. आणि घरातल्या घरात म्हणाल तर फ्रीज. वीज ५० हर्ट्झची असली की फ्रीजच्या मोटरची गुणगुण बहुतेक १०० हर्ट्झच्या आसपास बसते, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, पांढरी पाचच्या, चिमूटभर वर. मी एकदा हे पेटीवर लावून बघितलं आणि मग जुन्या फाइली काढल्या, तर रात्री स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून गुणगुणलेल्या माझ्या जवळजवळ सगळ्या चाली पांढरी पाचच्या आसपासच! मी समजत होते ही माझी आवडती पट्टी आहे. तर तो फ्रीजचा तंबोरा होता.

दुसरी फसवणूक जास्त महागात पडली. रात्री आवाज कमी ठेवावा लागतो, आणि आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्जाकडचे सूर आणि अगदी वरची चमक दोन्ही कमी ऐकू येतात, मधलं मात्र नीट ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून वक्र काढून ठेवलेत, पण मी कशाला वाचतेय. मी आपली रात्री एक वाजता ‘बेस कमी पडतोय’ म्हणत बेस वाढवतेय, परत ऐकतेय, परत वाढवतेय. शिवाय दोन-तीन तास हेडफोन घालून बसल्यावर कानही थकतो, मग तो कशालाही हो म्हणायला लागतो. दुसऱ्या दिवशी तेच गाणं गाडीत लावलं आणि दाराच्या खणातली पाण्याची बाटली थडथड वाजायला लागली. मुलगी मागून म्हणाली, “आई, गाडी बिघडली का?”

गाडीत ऐकून बघणं हा खरं तर जुना रिवाज आहे, स्टुडिओतली मोठी माणसंही मिक्स झाला की एक चक्कर गाडीत ऐकून बघतात, कारण लोक शेवटी गाणं तिथेच ऐकतात. म्हणजे माझ्या लेखी गाडी ही परीक्षेची जागा होती. चाली तिथेच जन्माला येतायत हे फाइली बघेपर्यंत डोक्यातच आलं नाही.

रात्रीची एक गोष्ट मात्र मान्य करते. झोपायच्या आधी एखादा अवघड तुकडा दहा-पंधरा वेळा हळूहळू वाजवला आणि गप झोपलं, की सकाळी तो न घोटताच जरा सुधारलेला असतो. बोटांना शिकवलेलं झोपेत मुरतं हे शास्त्रानेही तपासलंय. पण हे झालं घोकंपट्टीचं, सुचण्याचं नाही.

पहाट पण करून झाली. मधे एकदा उत्साहात येऊन १५ दिवस पाचला उठले. पहाटेला भाव फार, रियाज म्हटला की प्रत्येकजण पहाटच सांगतो, आणि त्यात तथ्य आहे पण ते वेगळ्या कामासाठी. रात्रभर आडवं पडून आणि न बोलून स्वरतंतू थोडे सुजलेले, जड असतात, त्यामुळे आवाज खाली जातो. खर्जाच्या साधनेला हे सोयीचं. मला पहाटे साडेपाचला मंद्रातले असे सूर लागले की मीच चकित, दिवसा ते माझ्याकडे नसतातच. त्या भरात एक अख्खी चाल खालच्या सुरांत बांधली, फार गंभीर, फार भारी. संध्याकाळी गायला गेले तर अस्ताईची, म्हणजे सुरुवातीच्या भागाची, पहिली ओळ नुसती हवा. आवाजच येईना. ती चाल दिवसा कुणीच गाऊ शकणार नाही, निदान मी तरी नाही. आणि वाजवायचं म्हणाल तर पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, बोटं गारठलेली, गिटारवर डाव्या हाताची करंगळी म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी. सोळाव्या दिवशी गजर बंद करून झोपले.

दुपारबद्दल काय सांगायचं. जेवणानंतर दोन ते चार मेंदू मिटून घेतो. त्या वेळात मी फाइलींना नावं द्यावीत असं ठरवलंय, म्हणजे नुसतं ठरवलंय.

आपल्या रागसंगीतवाल्यांनी मात्र दुपारसुद्धा मोकळी सोडलेली नाही, सारंग आहे, भीमपलास आहे. आठ प्रहर वाटून दिलेत. संगीतशास्त्रकार पंडित भातखंड्यांनी (१८६०-१९३६) रागांच्या वेळांची जी मांडणी केली त्यातली एक गोष्ट मला कायम गमतीची वाटत आलीय. दिवस आणि रात्र जिथे सांधले जातात त्या दोन वेळा, सकाळची आणि संध्याकाळची, त्या वेळचे ते संधिप्रकाश राग. सकाळचा भैरव घ्या आणि संध्याकाळचा पूर्वी घ्या. दोन्ही थाटांत, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसंचांत, रिषभ कोमल, धैवत कोमल, गंधार निषाद शुद्ध. फरक फक्त मध्यमाचा, म्हणजे ‘म’ या सुराचा. शुद्ध मध्यम लावला की उजाडतं, तीव्र लावला की अंधारून येतं. बारा तासांचं अंतर आणि पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या!

आता हे निसर्गातच आहे की आपल्या कानाला लागलेली सवय, यावर भांडणारे भांडोत. दक्षिणेकडच्या संगीतात वेळेचं बंधन इतकं कडक नाही आणि तिथे सूर्य तोच उगवतो. माझं मत सवयीकडे झुकतं. पण मग त्या अकरातली एक चाल, मंगळवारी गाडीत गुणगुणलेली, तिच्यात सरळसरळ तीव्र मध्यम आहे, आणि बुधवारी सकाळी अंघोळीला जाता जाता तीच आठवून गुणगुणले तर तो आपोआप शुद्ध झाला होता, आणि मला वाटलं ही वेगळीच चाल सुचली. दोन दिवस दोन चाली समजून खूश होते. लहानपणी शिकवलेलं कुठे कुठे बाहेर पडेल सांगता येत नाही.

तर पावणेसात. मी सहा चाळीसला पोचते कारण नंतर पार्किंग मिळत नाही, क्लास सुटतो सव्वासातला. इंजिन बंद, काचा वर. गाडीत सीट, छताचं कापड, पायपुसणी सगळं आवाज पिऊन टाकणारं, घुमारा अजिबात नाही, त्यामुळे आपला आवाज अगदी उघडा ऐकू येतो, बाथरूममधल्यासारखं फुकटचं कौतुक नाही. गिटार स्टीअरिंगमागे मावत नाही. आणि मला वाटतं मुख्य भानगड इथेच आहे. घरी गिटार मांडीवर आली की माझा डावा हात न विचारता त्याच चार कॉर्डवर जाऊन बसतो, वीस वर्षांची वाट पडलीय ती, आणि चाल बिचारी त्या कॉर्डच्या मागे मागे फिरते. गाडीत हाताला काही कामच नाही, स्टीअरिंगवर ठेका धरायचा फक्त. आणि सव्वासात म्हणजे सव्वासात, त्यामुळे पाल्हाळ नाही. काही रेकॉर्डिंगच्या शेवटी दार उघडल्याचा धप्प आवाज आणि “आई पाणी” असं ऐकू येतं. एका चालीला तर ओळ समेवर यायच्या नेमक्या आधी ते पाणी आडवं आलंय आणि ती ओळ पुढे कशी जाणार होती हे मला आजतागायत आठवलेलं नाही, रोज गाते, रोज ‘आई पाणी’वर येऊन थांबते.

मोझार्टने १७८२ साली व्हिएन्नाहून बहिणीला लिहिलेल्या पत्रात स्वतःचा दिवस मांडलाय. सातपर्यंत आवरून नऊपर्यंत लिहायचं, नऊ ते एक शिकवण्या, संध्याकाळी मैफली असल्या की लिहिण्याचा भरवसा नाही, म्हणून झोपायच्या आधी परत थोडं लिहायचं, ते थोडं पुष्कळदा रात्री एकपर्यंत चालायचं, आणि सकाळी सहाला पुन्हा तयार. हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे त्यालाही शिकवण्यांच्या अलीकडे आणि पलीकडे जे उरेल तेच. (बाकी तुलना इथेच थांबते हे मला कळतं.)

हा शोध लागल्यावर मी अर्थातच माती केली. एवढी उत्तम वेळ सापडलीय तर तिचा नीट वापर करूया म्हणून दुसऱ्याच दिवशी छोटा कीबोर्ड शेजारच्या सीटवर, वही, पेन्सिल, जरा बरा माइक, सगळा सरंजाम. सहा चाळीसला रेकॉर्ड दाबलं आणि बसले. काही नाही. दुसऱ्या दिवशी पण काही नाही, शेजारच्या गाडीतले काका मात्र काच खाली करून बघत होते. तिसऱ्या दिवशी वहीत घरातल्या संपलेल्या सामानाची यादी लिहिली. चौथ्या दिवशी कीबोर्ड घरी विसरला आणि सातला पाच कमी असताना चाल आली, बरी होती.

आणि आता या महिन्यापासून क्लासची वेळ बदललीय. शनिवार-रविवार सकाळी, आणि मैत्रिणीचे बाबा दोघींना सोडतात. पावणेसातला मी घरी. पहिला आठवडा खुर्चीत बसून बघितलं, गिटार मुद्दाम कपाटात ठेवली, दिवा पण नाही लावला. फ्रीज सुरू झाला आणि मी पांढरी पाचमध्ये गुणगुणायला लागले.

काल शेवटी किल्ली घेतली, लिफ्टने खाली आले, पार्किंगमधे गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या, स्टीअरिंगवर बोटं ठेवली. पाच-सात मिनिटं गेली असतील, काहीतरी येऊ घातलं होतं, आणि काचेवर टकटक. वॉचमनकाका.

“ताई, गाडी चालू होत नाहीये का? धक्का मारू?”