मेंटेनरचा बॉस कोण?

त्या दिवसाचं अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिते. पगार कंपनी देते, पण कोड कर्नलमध्ये घ्यायचा की नाही हे कंपनीच्या हातात नसतं, ते त्या त्या सबसिस्टीमचा, म्हणजे कर्नलच्या त्या भागाचा, मेंटेनर (तो भाग सांभाळणारा माणूस) ठरवतो. बाहेरच्यांचं सोडा, हे आमच्याच ऑफिसात निम्म्या लोकांना पचलेलं नाही.

ड्रायव्हर एका सेन्सरचा होता. पॅचेस (कोडमधले बदल) नीट तोडून पाठवले होते, म्हणजे एकेक पॅच लावत गेलं तरी प्रत्येक टप्प्यावर कर्नल बिल्ड होतो, कोडपासून नीट तयार होतो. हे पाळायचं कारण, उद्या काही बिघडलं आणि कुणी बायसेक्ट करायला, म्हणजे निम्मे निम्मे पॅच तपासत दोषी पॅच शोधायला, बसलं तर तो नेमका मधल्याच एखाद्या पॅचवर येऊन थांबू शकतो, आणि तिथे बिल्डच मोडला तर त्याची सगळी मेहनत वाया. ह्याला आमच्याकडे "वरवरची सजावट" म्हणतात, फार राग येतो मला त्याचा.

तर मेंटेनरने नॅक, म्हणजे नकार, दिला. कारण एकच, तापमान. आम्ही ते आमच्याच नावाच्या एका वेगळ्या फाइलमधून अंशात देत होतो. कर्नलमध्ये ठरलेला नियम मिलीअंश (अंशाचा हजारावा भाग) सेल्सिअसचा आहे, ४५ अंश असेल तर फाइलमध्ये ४५००० दिसलं पाहिजे, आणि फाइलचं नावसुद्धा ठरलेलं. आमच्या कंपनीचं टूल जुन्या पद्धतीने वाचतं म्हणून वरून सांगणं होतं की असंच पाठवा. चालणार नाही हे मी आधीच बोलले होते. कारण ती फाइल एकदा रिलीजमध्ये गेली आणि लोकांचे प्रोग्राम ती वाचायला लागले की मग बदलता येत नाही, युजरस्पेस (कर्नलवर चालणारे लोकांचे प्रोग्राम) मोडायची नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा सगळ्यात कडक नियम आहे. म्हणजे आमच्या एका टूलच्या सोयीसाठी हा वेगळेपणा मेंटेनरने वर्षानुवर्षं सांभाळायचा.

मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या रिलीजसाठी नवीन काम मुख्य कर्नलमध्ये घ्यायचा काळ, जवळ आली होती. ती दोन आठवडे उघडी असते, आणि नवीन काम त्याच्या आधीच मेंटेनरच्या ट्रीमध्ये (त्याच्याकडच्या कोडच्या प्रतीत) जाऊन मुरलेलं लागतं. हुकलं की सरळ नऊ-दहा आठवड्यांची वाट. त्यामुळे मीटिंग बोलावली गेली आणि आमच्या मॅनेजर साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ह्याचा बॉस कोण? एस्कलेट करूया."

मी समजवायचा प्रयत्न केला. टोरवाल्ड्स मेंटेनरकडून पुल घेतात, म्हणजे त्याने जमवलेले बदल उचलतात, ते विश्वासावर, त्याला डावलून आपण थेट गेलो तर पहिला प्रश्न हाच येणार की मेंटेनर काय म्हणतोय. आणि कुणी आपल्याला अडवलेलं पण नाहीये. लायसन्स जीपीएलचं आहे, म्हणजे कोड कुणीही बदलून त्याच अटींवर वाटू शकतो, आपला ड्रायव्हर आपण बाहेर ठेवून खुशाल वाटू शकतो. फक्त कर्नलचे आतले इंटरफेस कधीही बदलतात, ते बदलणार नाहीत असं कुणी वचन दिलेलंच नाही, त्यामुळे दर नव्या रिलीजला तो जुळवत बसायचं काम आपलं. हे ऐकल्यावर मात्र सगळे गप्प.

पण आमच्यातल्याच एकाने तोवर मेंटेनरला मेल टाकून दिला होता. वेळ नसेल तर ही जबाबदारी दुसऱ्या कुणाला तरी द्या, असा. तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. २०२२ मध्ये एक्सझेड युटिल्स ह्या फाइल कॉम्प्रेस करायच्या सॉफ्टवेअरच्या मेंटेनरवर साधारण अशाच शब्दांत दबाव आणला गेला होता, तो एकटा प्रोजेक्ट ओढत होता, त्याने तब्येतीचं सांगितलं तरी ही मंडळी थांबली नाहीत. मग मदतीला पुढे आलेल्या माणसाला अधिकार मिळाले आणि त्यानेच बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची वाट) घुसवलं. मार्च २०२४ मध्ये एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर दुरून) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर खणत बसला म्हणून ते सापडलं. इतकं सगळं होऊनही आपल्या फिल्डमधली माणसं हे वाक्य असं सहज टाइप करतात!

मेंटेनरचं उत्तर तीन ओळींचं आलं. फाइलचं नाव, एकक, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ते कुठे लिहिलंय. त्या टोमण्याबद्दल चकार शब्द नाही. सहकाऱ्याला ते उद्धट वाटलं. मला नाही वाटत. उद्धटपणा काय असतो ते कर्नलवाल्यांनी पुष्कळ बघितलंय, टोरवाल्ड्स यांनी स्वतः सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या भाषेबद्दल माफी मागून काही आठवडे सुट्टी घेतली, तेव्हाच आचारसंहिता पण आली. थोडक्यात लिहिणं म्हणजे अपमान करणं नाही.

आणि मग त्याच संध्याकाळी ते घडलं. ज्याचं नाव आधी कधी बघितलं नव्हतं अशा कुणीतरी कळवलं की नवीन आरसीवर (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीवर) त्याची मॉनिटरिंगची स्क्रिप्ट बंद पडलीय, सोबत बायसेक्टचा निकाल. दोषी निघालेला पॅच खुद्द मेंटेनरचा, साफसफाईचा. स्क्रिप्टमध्येच एक चुकीचं गृहीतक होतं, ते दाखवून त्याला वाटेला लावता आलं असतं. मेंटेनरने लिहिलं की गृहीतक चुकीचं आहे खरं, पण कालपर्यंत चालत होतं, म्हणून माझा पॅच मागे घेतो. रिव्हर्टमध्ये (बदल मागे घेणाऱ्या पॅचमध्ये) फिक्सेसच्या, म्हणजे काय दुरुस्त केलं त्या, ओळीत स्वतःचा कमिट (नोंदवलेला बदल), रिपोर्टेड-बायमध्ये, म्हणजे चूक कळवणाऱ्याच्या ओळीत, त्या नवख्याचं नाव. आता ते गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) इतिहासात कायमचं.

सकाळी ज्या नियमावर आम्हाला, म्हणजे एका मोठ्या कंपनीला, नाही म्हटलं त्याच नियमावर संध्याकाळी स्वतःचं काम मागे. दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ वाचत बसले होते. ऑफिसात एवढे लीड बघितले पण सगळ्यांसमोर, कुणी भाग पाडलेलं नसताना असं करणारा मला आठवत नाही. त्याच्या "नाही"ला वजन का आहे ते मला मॅनेजरांना मीटिंगमध्ये सांगता आलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी हा रिव्हर्टच दाखवला.

ड्रायव्हर मिलीअंशात करून दिला, पुढच्या मर्ज विंडोला गेला, टूलमध्ये हजाराने भागायची एक ओळ लागली. बास. तो मेल टाकणाऱ्याने मेंटेनरला अजून काही लिहिलेलं नाही, मी दोनदा म्हटलं त्याला. आणि मी मॅनेजरांकडे मागणी केलीय की त्या सबसिस्टीममध्ये इतरांचे पॅच रिव्ह्यू करायला आम्हाला ऑफिसच्या वेळेतलेच तास द्या, कारण त्या माणसावरचं ओझं आपल्यासारख्या कंपन्यांनीच वाढवलंय. पुढच्या क्वार्टरला बघू म्हणाले. तोवर मी माझ्याच वेळात सुरू केलंय.