केगमधील बिअर : फेस आवरण्यासाठी दाब नव्हे, नळी बदलावी

किण्वन पूर्ण झाल्यावर 19 लिटरच्या केगमध्ये, म्हणजे बिअरच्या बंद पिंपात, भरलेली पेल एल ही बिअर आता 4 अंश सेल्सिअस तापमानाला 12 पीएसआय (दाबाचे एकक) दाबावर स्थिरावली आहे. या स्थितीत बिअरमध्ये सुमारे 2.5 व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट), म्हणजे लिटरमागे साधारण 5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो. तेवढाच वायू 20 अंशांच्या बिअरमध्ये टिकवायचा तर दाब सुमारे 28 पीएसआय लागतो. म्हणून केग आतपर्यंत गार होईपर्यंत वायूच्या सिलिंडरवरील रेग्युलेटरच्या (दाब नियंत्रकाच्या) काट्यावरून मी काहीच अनुमान काढत नाही.

झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) घट्ट बसावी म्हणून प्रारंभी 30 पीएसआय दाब दिला, बिअरवरच्या रिकाम्या जागेतील हवा झडपेवाटे अनेकदा बाहेर सोडली आणि सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती नसल्याची खात्री केली. हा शेवटचा सोपस्कार कंटाळवाणा वाटतो खरा, पण रात्रीतून रिकामा झालेला सिलिंडर त्याहून महाग पडतो. त्यानंतर दाब 12 वर आणून केग तसाच ठेवला. गार बिअरला 30 पीएसआयवर दिवसभर ठेवून वायू लवकर भरता येतो. मात्र नेमके कुठे थांबायचे हे त्या पद्धतीत कळत नाही आणि वायू जास्त झाला तर तो काढत बसावे लागते. एक-दोन आठवडे थांबण्याची तयारी असेल, तर संथ पद्धतीत अतिरेक होण्याचा प्रश्नच उरत नाही.

या वेळचा मुख्य बदल केगमधून नळापर्यंत बिअर नेणाऱ्या नळीत आहे. ग्लासात फेसच फेस आला की दाब उतरवण्याकडे हात जातो, आणि पहिल्या काही ग्लासांपुरता त्याचा गुणही येतो. परंतु दाब समतोलाच्या खाली गेल्यावर विरघळलेला वायू बिअरमधून सुटू लागतो, नळीत बुडबुड्यांचे पट्टे दिसतात, फेस पुन्हा वाढतो आणि केगमधली बिअर हळूहळू मिळमिळीत होते. बिअरमध्ये वायू टिकवणारा दाब ग्लास भरतानाही कायम ठेवून त्याचा जोर वाटेतच खर्च करणे हाच टिकाऊ उपाय आहे. त्यासाठी 5 मिलिमीटर अंतर्व्यासाची आखूड नळी काढून त्याच व्यासाची 3 मीटर लांबीची नळी बसवली. दाब न बदलता धार संथ झाली आणि ग्लासावर दोन बोटे फेस राहू लागला. नळ केगपेक्षा उंचावर असेल तर दर 30 सेंटिमीटर चढणीला सुमारे अर्धा पीएसआय खर्च होतो, हेही हिशेबात धरावे.

पहिला ग्लास अजूनही फेसाळतो, दुसरा मात्र नीट भरतो. याचा अर्थ लांबी पुरेशी आहे, नळ तेवढा गरम राहतो. प्रत्येकच ग्लास फेसाळत असता तर संशय नळीवर किंवा वायूच्या प्रमाणावर घ्यावा लागला असता. फ्रिजमधली गार हवा नळापर्यंत पोहोचवणारा छोटा पंखा बसवायचा आहे. नळ अर्धवट उघडून धार बारीक करण्याचा प्रयत्न कोणी करू नये, कारण त्या अरुंद फटीतच बिअर घुसळली जाते.

पुढचा केग गव्हाच्या बिअरचा असेल. तिला 3 व्हॉल्यूम वायू द्यायचा असल्याने याच तापमानाला सुमारे 17 पीएसआय दाब लागेल. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र रेग्युलेटर आणि अधिक लांब नळी घेणार आहे. नळी आधी लांबच बसवावी, कारण धार फार मंद वाटली तर ती थोडी थोडी कापता येते.